दत्ताराम खरंच बोलला

“गोळ्यांखेरीज काढा, चूर्ण, आणखी काही घेता?” ऑपरेशनआधी यंत्रानं दत्तारामला विचारलं.

“काही नाही. दारूसुद्धा मी मनाच्या जोरावर सोडली,” तो ऐटीत म्हणाला. खोटं हमखास पकडणाऱ्या त्या यंत्राचा दिवा हिरवा झाला. यंत्र आल्यापासून डॉक्टर घरच्यांना काही विचारत नसत.

त्याची बायको सुलभा शेजारीच उभी होती. दारू सुटावी म्हणून वर्षभर ती चोरून त्याच्या आमटीत एका वैद्याची पूड कालवत होती. आता सांगितलं, तर त्याची मान कायमची खाली गेली असती. ती गप्प राहिली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. “भूल उतरलीच नाही. गेले ते. रक्तात भलतंच औषध सापडलं. पण यंत्रापुढे तर ते खरं बोलले होते!”

“खरंच बोलले हो,” सुलभा भिंतीला टेकत म्हणाली. “त्यांना ठाऊकच नव्हतं.”