प्रणवेशचं आयुध

प्रणवेश न्हाऊन खोलीत आला तेव्हा पलंगावरची कॅमेऱ्याची पिशवी उघडी होती. आत ओल शोषणाऱ्या पुड्या तेवढ्या उरल्या होत्या. कॅमेरा नव्हता.

ओल्या अंगावर सदरा चढवून त्यानं पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, उशी उचलली. लिस्बनला राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी ट्राममध्ये त्याचा कॅमेरा चोरीला गेला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस; तेव्हापासून ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. नवा कॅमेरा घेतला तो लहानसा, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. त्यावरचं कंपनीचं नाव काळ्या चिकटपट्टीनं झाकलं. पिशवी अशी निवडली की बघणाऱ्याला वाटावं, आत बाळाची दुपटी असतील. आगगाडीत झोपताना तिचा पट्टा पायाला गुंडाळायचा. फोटो काढून पोट भरणाऱ्यानं एवढं केलं तर त्यात वावगं काही नाही. पण तंजावूरला, सख्ख्या काकूच्या घरीही, तो पिशवीला कुलूप लावत होता. आज नेमका विसरला.

मग त्याला काल संध्याकाळ आठवली. काकूच्या थोरल्या मुलानं, नटराजअण्णानं, "बघूं रे जरा" म्हणून कॅमेरा मागितला होता. प्रणवेशनं दिला, पण पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढला नाही. चांगला उंचापुरा नटराज, त्याला प्रणवेशच्या छातीशी वाकून बघावं लागलं होतं.

बाहेर मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला. प्रणवेश अनवाणीच धावला. नटराज निघाला होता. हँडलला कापडी पिशवी, चांगली फुगलेली. त्याची बायको जयश्री दारात रांगोळी घालत होती.

"अण्णा, कुठं निघालास?"

"दुकानाला. तिथली पूजा करून येतों." नटराजचं गाड्या दुरुस्तीचं दुकान राजवाड्यामागच्या गल्लीत होतं.

"माझा कॅमेरा खोलीत नाही." एवढ्यावर तो थांबता तरी बरं होतं. "तुझी पिशवी बघू?"

सहज विचारतोय असं त्याला वाटलं होतं. आवाज मात्र विमानतळावरच्या तपासनिसाचा निघाला.

नटराजनं मोपेड बंद केली. पिशवीतल्या वस्तू काढून एकेक ओट्यावर मांडल्या. लिंबं, कापूर, झेंडूची माळ, चुरमुऱ्यांचा पुडा. मग पिशवी उलटी करून झटकली. जयश्रीच्या चिमटीतलं पीठ गळायचं थांबलं.

"तुज आधी सांगायचं होतं. चुकलंच," नटराज म्हणाला. "ये आत, दाखवतों."

देवघरात नवरात्रासाठी पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांपुढं चौरंग मांडला होता. त्यावर मुलांची पुस्तकं, कात्री, विळी, नटराजचे पाने, आणि मधोमध रेशमी खणावर कॅमेरा. त्याला जाईचा गजरा घातला होता. चंद्रमतीकाकू चंदन उगाळत होती.

"ये रे कण्णा. घरातल्या अस्क्यांची आयुधं आली, तुझं तेवढं राहिलेलं. तू न्हात होतास, म्हणून नटराजला आणायला सांगितलं. मी काचेला गंध लावायला गेलें तर हा माझ्यावरच ओरडला. काच खराब झाली तर प्रणवेशनं खायचं काय, म्हणे. म्हणून मग झाकणाला लावलं."

झाकणावर चंदनाचा टिळा होता, वर कुंकू. आयुधपूजेला ज्याच्या त्याच्या पोटाचं साधन देवीपुढं येतं आणि ते उचलून आणताना घरात कुणी कुणाला विचारत नाही, हे तो लहानपणी इथंच बघत आला होता. परदेशात राहून साफ विसरला. कळसा काखेत होता. त्यानं वळसा घातला तो थेट भावाच्या अब्रूला.

माफी मागावी तर काकूला सगळं सांगावं लागणार. ती बिचारी चंदन उगाळून उगाळून दमलेली, खूश होती. नटराजनं आरतीचं ताट सगळ्यांत आधी प्रणवेशपुढं धरलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, पण भावाच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

नटराज पुन्हा निघाला तेव्हा मोपेडपाशी त्याला गाठून तो कसाबसा म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं."

"होव," नटराज म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "दुकानातली पोरं वाट बघत असतील." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विजयादशमीला, काकूनं पूजा उतरवली आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. "चांगले फोटो येतील बघ आता," म्हणाली. नटराजही न्याहारीला शेजारी बसला, चटणी वाढली, पावसाचं बोलला. झालं गेलं विसरले सगळे, असं प्रणवेशला वाटलं.

तो खोलीत आला. जयश्री केरसुणी घेऊन दाराबाहेर उभी होती. रोज ती तो नसताना सरळ आत जायची, केर काढायची, खिडकी उघडायची, त्याचा ओला टॉवेल वाळत घालायची.

"आत जायचं नाही का, वैनी? मी थांबतो बाहेर."

"नको. तुम्ही आत असा."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिनं पलंगाखालून, टेबलाखालून केर काढला. कशाला हात लावला नाही. सगळा केर सुपलीत भरला आणि जाताना ती सुपली त्याच्यापुढं धरली.

"बघून घ्या, भावजी."