पानावरचा चावा

"पुन्हा!" तिने कडेला खाल्लेलं पान सासऱ्यांच्या नाकासमोर धरलं. "बाबा, दार कोणी उघडं ठेवलं?"

सासरे खुर्चीत बसले होते, रुमाल तोंडाशी धरून. त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, कळायला मार्ग नव्हता. काल पहिलं पान सापडलं तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली होती. तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

बोक्याला लस टोचायला नेलं तेव्हाच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रुंद ठिपकेदार पानांचं ते झाड त्याच्यासाठी विष आहे. त्याच दिवशी तिने दिवाणखान्यातल्या सगळ्या कुंड्या सासऱ्यांच्या खोलीत हलवल्या. फेकूनच द्यायच्या, पण त्या सासूबाईंनी लावलेल्या. आता दार तेवढं बंद ठेवायचं. तेही या घरात कोणाला जमत नव्हतं.

"कानीकपाळी ओरडून सांगतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "पण माझं ऐकतंय कोण?"

"बोका तरी कुठे ऐकतो?" नवरा मोजे चढवत म्हणाला. "आणि बाबांवर काय चिडतेस? परवा त्यांनी साबणाची वडी बिस्कीट समजून चहात बुडवली. त्यांच्या काय दार लक्षात राहणार!"

"मग तू लक्ष ठेव."

"मला ताप आला तर गोळी माझी मीच शोधतो. बोक्याचा मात्र थाट बघा!"

एरवी अशा बोलण्यावर सासरे खळखळून हसले असते. वरचा पुढचा एक दात पडल्यापासून हसताना म्हणायचे, "घराला खिडकी आहे आमच्या, हवा खेळती राहते." आज तेही नाही. पुढ्यातल्या न्याहारीला त्यांनी हात लावला नव्हता.

"नको तर राहू द्या," म्हणत तिने बशी उचलली. उपाशी राहून राग दाखवणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी कंटाळा होता.

तिने बोक्याला टोपलीत कोंबलं, खाल्लेलं पान पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बोक्याचा जबडा उघडून आत बॅटरी मारली. हिरड्या दाबल्या, घसा चाचपला.

"ठणठणीत आहे. ताई, याने पान खाल्लेलंच नाही."

"असं कसं? काल एक, आज दुसरं."

"खाल्लं असतं तर तोंड सुजलं असतं. लाळ गळली असती. घास गिळता आला नसता, आवाजही फुटला नसता. आणि हा बघा, दवाखाना डोक्यावर घेतलाय."

बोका खरंच गळा काढून ओरडत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं.

"मग खातंय कोण? घरात दुसरं जनावर नाही."

डॉक्टरीणबाईंनी पान दिव्यासमोर धरलं. "मांजर कुरतडतं, त्याने कडेच्या चिंध्या होतात. हा तर एका घासात घेतलेला लचका आहे. फक्त मध्ये हे काय राहिलंय?"

तिने वाकून पाहिलं. पानाच्या कडेला रुंद अर्धगोल कापला गेला होता, आणि त्यात मधोमध, बरोबर एका दाताएवढी हिरवी पट्टी तशीच शिल्लक होती.