वरची खुर्ची

“अगं, हात भाजतोय तुझा!”

दोन्या तोमासाने सुनेचं मनगट धरून तव्यावरून बाजूला ओढलं. नोएलियाने बोटांकडे पाहिलं. दोन बोटं लालभडक झाली होती. दुखत असणार, असं तिला वाटलं. सासूने तिचा हात नळाखाली धरला, तेव्हा ती पाण्याची धार बघत उभी राहिली. मग हात पुसून मक्याच्या उरलेल्या तोर्तिया थापायला बसली.

“लक्ष कुठे असतं तुझं?”

“इथेच.”

ते खोटं नव्हतं. गेले दहा महिने ती इथेच होती. चार वर्षांची यारेली, दहा महिन्यांचा नाउम. दोघांचं न्हाणं-खाणं वेळच्या वेळी होत होतं. पोरं बाळसेदार होती. शेजारणी म्हणायच्या, आई असावी तर अशी.

बंदरातून पत्र आलं होतं. बिनपगारी रजा संपत आली आहे, कामावर येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवावं. पुएर्तो कोर्तेसच्या त्या धक्क्यावर क्रेन चालवणारी ती एकटीच बाई. सात वर्षं तिने चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसून जहाजांवरचे कंटेनर उतरवले होते. एकही कधी आपटला नव्हता.

नवरा ट्रक घेऊन सान पेद्रोच्या फेऱ्या मारायचा. “तुला वाटेल तसं कर,” तो म्हणाला. तिला काहीच वाटत नव्हतं.

सासूचं मात्र पक्कं होतं. “काही जायचं नाही. पोरं लहान आहेत. तुझ्यावाचून जहाजं काय समुद्रात बुडणार आहेत?” हे ती दिवसातून तीनदा म्हणायची. बाजारालाही सुनेला एकटी सोडायची नाही. पोरांना काखोटीला मारून मागोमाग निघायची.

खरं तर नोएलियाची आई मासे विकणं सोडून पोरांना सांभाळणार होती. नाउम महिन्याचा होता, तेव्हा ती गेली. दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळी सगळं संपलं. नऊ दिवसांच्या प्रार्थनांना घर भरून माणसं यायची. नोएलियाने सगळ्यांना कॉफी आणि पाव दिला, कप विसळले, खुर्च्या शेजाऱ्यांकडे परत पोचवल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. धीराची पोर, लोक म्हणाले. काही जण आणखीही काही म्हणाले.

गुरुवारी तिने कागदावर लिहिलं, ‘येणार नाही.’ ‘येते’ लिहिलं असतं तरी हात तसाच चालला असता.

शुक्रवारी सकाळी सासू नाउमला न्हाऊ घालत होती, तेवढ्यात ती निघाली. बंदराच्या फाटकाशी निळ्या छत्रीखाली एक बाई तळलेले मासे आणि केळ्याचे काप विकत होती. ती जागा पूर्वी नोएलियाच्या आईची होती. नोएलिया तिथून सरळ आत गेली.

मुकादम डॉन एवेलियोने कागद वाचला आणि घडी घालून तिच्याच हातात ठेवला.

“मला काय देतेस? सात वर्षं ज्या खुर्चीत बसलीस, तिला जाऊन सांग.”

“त्याने काय होणार?”

“काही नाही. पाय दुखतील. जा. जहाज दुपारी लागणार आहे, यंत्र बंद आहे.”

क्रेनची लिफ्ट नादुरुस्त होती. ती लोखंडी जिना चढत गेली. वर पोचली तेव्हा अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. खोली तापली होती. ती खुर्चीत बसली. पायाखाली काच, काचेखाली धक्का, धक्क्यापलीकडे फाटक. आणि फाटकाशी ती छत्री.

रोज दहाच्या सुट्टीला ती इथून खाली बघायची. आई छत्रीबाहेर यायची, कपाळावर हात धरून वर बघायची, आणि झारा हवेत हलवायची. सात वर्षं, रोज. खालून तिला काचेतलं काही दिसत नसे. तरी हलवायची.

दहा वाजले. भोंगा वाजला. माणसं सावलीला गेली. निळ्या छत्रीखालची बाई मासे उलटत होती. ती बाहेर आली नाही. तिने वर पाहिलं नाही.

नोएलिया बघत राहिली. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला. तो आपला आहे हे तिला लगेच कळलं नाही.

बराच वेळ गेला. भिंतीवरचा बिनतारी फोन खरखरला. “काय गं, ठीक आहेस ना?”

“माझी आई गेली, डॉन एवेलियो.”

तो तिच्या आईच्या दफनाला आला होता. त्याने शवपेटीला खांदा दिला होता. “हो पोरी,” तो म्हणाला. “रड. जहाजाला अवकाश आहे.”

ती खाली उतरली तेव्हा दुपार झाली होती. बोटं ठणकत होती.

दोन्या तोमासा दारातच उभी होती. कडेवर नाउम, पदराला धरावं तशी स्कर्टला धरून यारेली. तिघंही घामाघूम. ती बहुधा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली होती. तिने सुनेचे सुजलेले डोळे पाहिले.

“रडलीस?”

“हो.”

“आईसाठी?”

नोएलियाने मान डोलावली. मग म्हणाली, “नकाराचा कागद परत आणलाय मी. सोमवारपासून कामावर जाणार आहे.” आणि बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली.

सासूने नाउमला तिच्या हातात दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली.

“जा की,” ती म्हणाली. “पोरांसाठी थोडीच अडवत होते तुला? चार वाढवली मी, ही दोन काय जड आहेत? दगड होऊन तू तिथे वर चढलीस, तर जिन्यानेच खाली येशील की नाही, याची धास्ती होती मला.”