गुळाची तुला

"सहा ढेपा पुरतील ना, वहिनी?" जयवंतकाका हसत म्हणाले. "लहानपणी हिला कडेवर घ्यायचो, तर हात भरून यायचे माझे!"

"पुरतील," आई एवढंच म्हणाली.

गंधालीनं ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली. मुलुंडच्या राममंदिरात कीर्तन रंगात आलं होतं. सभामंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगलेला, शेजारी दहा-दहा किलोच्या गुळाच्या ढेपा. कीर्तन संपलं की तिला त्या पारड्यात बसायचं होतं. सगळ्यांदेखत.

ती पाच वर्षांची असताना आईनं बोललेला हा नवस. इतकी वर्षं राहून गेला, तो आईला आत्ताच का आठवावा, हे गंधालीला कळेना. तिनं हातापाया पडून पाहिलं.

"फेडल्याशिवाय सुटका नाही गं, बाळा."

शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. बाक मोडेल म्हणायचे. तिशी आली तरी ते हसू कानातून जात नव्हतं. ताटातलं वर्षानुवर्षं कमी होत गेलं; महिनाभर तर तिनं पोळीला हात लावला नव्हता. मैत्रिणी सुटल्या, ऑफिस सुटलं. सोबतीला घरातला वजनकाटा तेवढा उरला.

मागे कुंदाकाकू कुजबुजल्या, "अगो बाय, ही आपली गंधाली? काय करून घेतलंय हिनं! खाते तरी काय?"

"हळू बोल ना, ऐकेल ती," शेजारची म्हणाली.

तिनं ऐकलंच. बुवा शबरीच्या बोरांपाशी आले होते. काय तो गोड गळा! अख्खा मंडप डोलत होता. ती मात्र भिंतीला टेकून एकटीच देवाशी बोलत होती. 'रामराया, कमीत कमी ढेपांत भागव. लोकांना हसू नको देऊस.'

गजर झाला. आईनं हात धरून तिला पारड्यात बसवलं. तिनं डोळे मिटून घेतले. काकांनी पहिली ढेप ठेवली. मग दुसरी.

तिसरी ठेवताच गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि गंधाली अलगद वर उचलली गेली. टाळ थांबले. काकांच्या हातातली चौथी ढेप हातातच राहिली. आई तोंडात पदर कोंबून रडत होती.

कुणीही हसलं नाही. गंधालीनं डोळे उघडून समोरच्या पारड्याकडे पाहिलं. आणखी थोडे दिवस पोट मारलं असतं, तिला वाटलं, तर दोनातच भागलं असतं.