अकरा पावलांचं घर

“पलंगापासून दारापर्यंत पाच पावलं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सहा,” मास्तरांची लेक म्हणाली आणि तिने फरशीवर खडूची शेवटची रेघ ओढली. “एकूण अकरा. इंचाचा फरक चालणार नाही.”

सामान हलवणारा मुकादम डोकं खाजवत उभा होता. लोकांची घरं हलवण्यात त्याची हयात गेली होती, पण पलंगाच्या चारी पायांभोवती चौकोन आखणारी बाई त्याला आजच भेटली.

“ताई, नव्या घरात गेल्यावर कोण सगळं जुन्यासारखं लावतं?”

“मी लावते.”

आणि ती खरंच लावायची. एका नाटक कंपनीत रंगमंचाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. आज या थिएटरात, उद्या त्या. पण खोली तीच, सोफा तोच, आणि नटाने अंधारात हात पुढे केला की ग्लास जागेवर हवा म्हणजे हवा. नऊ वर्षांत तिच्या रंगमंचावर एकही नट ठेचकाळला नव्हता. तिथे एका वडिलांची काय कथा!

वडील शाळेत कवायतीचे मास्तर होते. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. दिसेनासं झाल्यावर त्यांनी महिनाभरात अख्खं घर पावलांनी पाठ करून टाकलं. स्वतःचा चहा स्वतः करत. कुणी हात धरायला गेलं, की “दोन पावलं मागे सर!” असा हुकूम सुटायचा.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या थिएटरने लेकीला कायमची नोकरी देऊ केली होती. जायला दोन तास, यायला दोन तास. थिएटरजवळ तिने तळमजल्यावर घरही बघितलं आणि मास्तरांपुढे विषय काढला.

“तू जा,” मास्तर म्हणाले होते. “इथे मी माणूस आहे. नव्या घरात पाण्याच्या ग्लासासाठी तुला हाका मारायच्या, म्हणजे मी फर्निचर झालो.”

त्यांना एकटं सोडून ती जाणार नव्हती. आणि नोकरी हातची घालवायचीही तिची तयारी नव्हती, कारण अशी संधी दारात पुन्हा येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने बेत आखला. मास्तरांना काही दिवस आत्याकडे पाठवायचं. तेवढ्यात घर हलवायचं. नवं घर हुबेहूब जुन्यासारखं लावून त्यांना तिथे आणायचं, दोन दिवस बिनधास्त फिरू द्यायचं आणि मग सांगायचं, बाबा, तुम्ही दोन दिवस नव्या घरात वावरताय. त्यावर मास्तर काय बोलणार?

आत्याला कटात घेणं भाग होतं. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या घराला माहीत, म्हणून लेकीने तिला आधी शपथ घातली. जादा किल्लीही तिलाच दिली. नवं घर आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं आणि सुताराला दार उघडून द्यायला कुणीतरी हवं होतं. कारण नव्या घरात एकच खोट होती. स्वयंपाकघर एक पायरी खाली होतं. तिथे सुताराकडून फळ्यांचा उतार बसवून घेतला, की झालं.

मास्तर आत्याकडे जायला चटकन तयार झाले. ते एवढ्या सहज निघतील असं तिला वाटलं नव्हतं. मधे एकदा ती भेटायला गेली, तर गुडघ्याला पट्टी.

“बागेतल्या बाकाला धडकलो,” मास्तर म्हणाले. “रोज दुपारी फिरायला जातो आम्ही.”

“सुतार आला होता का गं?” तिने आत्याला आत नेऊन विचारलं.

“येऊन गेला,” आत्या म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दहाव्या दिवशी ट्रक नव्या दाराशी लागला. मुकादमाच्या माणसांनी पलंग, कपाट, टेबल, सगळं तिने मापाने आखून दिलेल्या जागी ठेवलं. ती स्वयंपाकघराकडे गेली आणि जागीच थबकली. पायरी उघडीच होती. सुतार फोन उचलेना. पण हातपाय गाळणाऱ्यांतली ती नव्हती. आजचा चहा आपण करू, मास्तरांना बाहेरच्या खोलीत गप्पांत गुंतवू, आणि उद्या सकाळी सुताराला मानगूट धरून आणू, असं तिने ठरवलं.

दुपारी आत्या मास्तरांना टॅक्सीने, ठरल्याप्रमाणे शहरभर फेरा मारून, घेऊन आली. मास्तर आत शिरले, पलंगावर बसले, हात पुढे केला. ग्लास जागेवर होता.

“सगळं जागच्या जागी आहे,” मास्तर म्हणाले.

लेकीला आनंदाने नाचावंसं वाटलं. तेवढ्यात मुकादम कागदावर सही घ्यायला दारात आला. ती सही करून वळली, तर पलंग रिकामा! मास्तर चहा करायला निघालेसुद्धा होते.

“बाबा, थांबा! मी करते!” ती धावली. आत्याने तिचा दंड घट्ट धरला.

“सोड गं, पडतील ते!”

“गप्प बघ,” आत्या म्हणाली.

सहावं पाऊल टाकून मास्तर थांबले. उजवा पाय पुढे केला, सावकाश खाली सोडला, डावा त्याच्या शेजारी आणला आणि ओट्यापाशी जाऊन गॅस पेटवला.

“सुताराला मीच परत पाठवला,” आतून मैदानावरचा आवाज आला. “नऊ दिवस रोज दुपारी इथे येऊन सराव केलाय त्या पायरीचा. आता ती झाकलीस तर याद राख.”