चौथ्या उद्गाराला आलेला सिंह

चौथा उद्गार सुरू झाला तेव्हा सिंह आला.

रावजी पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या बाकाशी उभा होता. हातात वेळूची लांब काठी. एरवी ती छताची जळमटं काढायला, आज तिच्या टोकाला मोरपीस. एकोणऐंशी सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. उपासना बारा ते तीन. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार, मंडळी उपाशी, आणि नाशिकचं एप्रिलचं ऊन पत्र्यावर. त्यामुळे झोप लागते. ज्याची मान पडेल त्याच्या कानाला पीस लावायचं, हे रावजीचं काम. पुंजारामला कमी ऐकू येतं म्हणून त्याला काठीचं दुसरं टोक लावायचं, ही रावजीची स्वतःची सुधारणा.

खंडेराव मास्तर बोलत होते. सैतान भुकेल्या सिंहासारखा फिरत असतो, म्हणून जागे राहा, असं सांगत होते. मंडळी झोपेतच माना हलवत होती.

सिंह दारातल्या चपला ओलांडून आला. पायपुसण्यावर चारही पाय पुसले. रावजीला आधी सर्कस आठवली. पण सर्कस मागच्याच आठवड्यात तंबू गुंडाळून मालेगावला गेली होती. सिंह शेवटच्या बाकावर बसला आणि त्याने शेपूट मांडीवर घेतलं.

"गर्जना नाय केली?" रावजीने हळूच विचारलं.

"प्रवचन चालू आहे," सिंह म्हणाला.

वीज गेलेली होती, तरी पंखा फिरतोय असं वाटत होतं. बाक होड्यांसारखे किंचित डुलत होते. मास्तरांचा आवाज गोदावरीच्या पलीकडून यावा तसा येत होता.

"दमलात रावजीभाऊ," सिंह म्हणाला. "काठी द्या इकडे. मी बघतो यांच्याकडे. तुम्ही मागच्या खोलीत जाऊन घटकाभर टेका. फरशी गार आहे."

यात वावगं काहीच नव्हतं. खोलीची किल्ली सुतळीत ओवून रावजीच्या गळ्यात होती. सकाळी पाळकसाहेबांनी चारचौघांसमोर, मोठ्या विश्वासाने घातलेली. फरशी खरोखरच गार होती. खोलीत एक कपाटही होतं. त्यात रविवारच्या प्रभुभोजनासाठी द्राक्षारसाची, म्हणजे वाइनची, बाटली होती, आणि कपाटाला कुलूप नव्हतं. रावजीने दारू सोडली तेव्हाच सुमनबाई माहेराहून परत आली होती. पुन्हा प्यालात तर पुन्हा सिन्नरची एसटी, एवढंच बोलली होती.

"आन् बाटलीचं काय?" रावजी म्हणाला.

"कुठली बाटली?" सिंह म्हणाला. "मी फरशीबद्दल बोलतोय."

रावजीने चर्चभर नजर फिरवली. मंडळी झोपली होती. पाळकसाहेब झोपले होते. पुंजाराम चष्म्यासकट झोपला होता. खंडेराव मास्तरसुद्धा डोळे मिटून बोलत होते, आणि त्यांचं नेहमीपेक्षा बरं चाललं होतं. सिंह तेवढा ताठ बसून एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होता. सबंध चर्चमध्ये टक्क जागा असा तोच.

रावजी खोलीच्या दाराकडे दोन पावलं गेला. तळपायांना गारवा इथूनच लागायला लागला. तिसरं पाऊल उचलताना त्याचा घसा कोरडा पडला.

तो थांबला. फरशीसाठी घसा कोरडा पडत नाही.

त्याने गळ्यातली सुतळी काढली, काठीच्या टोकाला मोरपिसाशेजारी अडकवली आणि काठी पुढे केली. किल्ली पुरुषांच्या डोक्यांवरून गेली. मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला शिरली. नवसाबाईच्या अंबाड्याला वळसा घालून सुमनबाईच्या नाकासमोर येऊन थांबली, आणि तिथं जरा थरथरली. सिंहाची मान किल्लीबरोबर हळूहळू वळत गेली.

सुमनबाईने एक डोळा उघडला. किल्ली पाहिली. मग काठीवरून मागे मागे येत नवऱ्याकडे पाहिलं. किल्ली काढून घेतली, पदराच्या टोकात बांधली, आणि दुसरा डोळाही उघडला.

"माझ्यावर विश्वास नव्हता?" सिंह म्हणाला. तो जरा दुखावला होता.

"तुमच्यावर हाये हो," रावजी म्हणाला. "माझ्यावरच नाय."

पाचव्या उद्गाराला त्याने पाळकसाहेबांच्या कानाला पीस लावलं.

तीन वाजता मंडळी मुकाट बाहेर पडली. त्या दिवशी चर्चमधून निघताना कुणी बोलत नाही. फाटक ओलांडल्यावर सुमनबाईने तोंड उघडलं.

"अहो, काठी कुठं घेऊन चालला घरी? चर्चची हाय ना ती?"

"तो येतोय मागं," रावजी म्हणाला.

सुमनबाईने वळून पाहिलं. डांबर मऊ झालेल्या रस्त्याच्या कडेने, लिंबांच्या सावलीसावलीने, सिंह बेताचं अंतर ठेवून चालत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

तिने पदराची गाठ चाचपली.

"जागायची पहिली पाळी तुम्ही करा," ती म्हणाली. "दुसरीला मला उठवा. पिसानं."