अंगण वाकडं

कंत्राटदारसाहेबांची चकती टोपलीच्या दिशेने झोकात निघायची आणि ऐन वेळी डावीकडे वळून झुडपात तोंड लपवायची. चकती फेकून टोपलीत टाकायचा हा डिस्क गोल्फ शिकवणाऱ्या पोरीचा सांगून सांगून घसा बसला. "काका, हातातून सुटताना चकती सपाट ठेवा. तुमचं मनगट कलतंय!"

पण जन्मभर दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवलेला माणूस स्वतःचं मनगट वाकडं कसं मानणार?

"मनगट अगदी ओळंब्यात आहे. हा ओटाच कललाय," पायाखालच्या सिमेंटवर टाच आपटत ते म्हणाले. "कुठल्या गाढवाने बांधलाय कोण जाणे!"

"हो तर! नाचता येईना, अंगण वाकडं," झुडपातून चकती उपसत बायको म्हणाली, आणि मागे खोळंबलेली माणसं खो-खो हसली.

साहेबांना मिरच्या झोंबल्या. तरातरा जाऊन त्यांनी गाडीतली लेव्हलपट्टी आणली आणि ओट्यावर ठेवली. आतला बुडबुडा मधली रेघ सोडून सुसाट कडेला पळाला. "बघा!" म्हणून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पट्टीशेजारी सिमेंटमध्ये उमटलेला एक अंगठा दिसला. आपलं प्रत्येक काम पुरं झालं की ओल्या सिमेंटवर ते हौसेने दाबायचे, तोच.

"काय हो, निघालं का अंगण वाकडं?" बायकोने विचारलं.

साहेब त्या अंगठ्यावर बूट ठेवून उभे राहिले.


"छे गं, अंगण एकदम सरळ आहे. मलाच नाचता येत नाही!"